गाणं मुंबईचं, तबकडी डमडमची

डमडम म्हटलं की कुणाला कलकत्त्याचा विमानतळ आठवतो, तर इतिहास वाचलेल्यांना बंदुकीची ती कुप्रसिद्ध गोळी आठवते. इंग्रजांच्या इथल्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात तयार झालेली ही गोळी शरीरात शिरल्यावर पसरायची. ती इतकी क्रूर ठरली, की १८९९ साली हेगच्या परिषदेने युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी केली. गावाचं नाव मात्र जगभरच्या शब्दकोशांत तेवढ्यासाठीच जाऊन बसलं.

आमच्या मिरजेच्या घरात मात्र डमडम हे गाण्याचं गाव होतं. आमचे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, एका हायस्कुलात गणित शिकवायचे. पगार बेताचा, खाणारी तोंडं सहा, पण ध्वनिमुद्रिकांचं वेड जबरदस्त! नवी तबकडी आणली की ते आधी ती ऐकत नसत, तर वाचत. गायक कोण, कवी कोण, संगीत कुणाचं, तबल्याला कोण, असं करत करत शेवटी वेष्टणावरची बारीक इंग्रजी अक्षरं चष्मा वर करून वाचत. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, डमडम. ‘‘बघा,’’ ते आम्हां भावंडांना म्हणत, ‘‘गायलेत मुंबईत, कान लावलेत आपण मिरजेत, आणि मधे हे डमडम.’’ मला त्या वयात डमडम हा डमरूसारखा काहीतरी आवाज वाटायचा. ते खरंच एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, दळण आणतात, पोरांना शाळेत घालतात, हे पटायला मला स्वतः तिथे जाऊन संसार थाटावा लागला.

अण्णांची पेटी

मिरज हे गाण्याचं आणि वाद्यांचं गाव. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांची दुकानं, दर्ग्याच्या उरुसातली गाण्याची रात्र, तिथेच चिरनिद्रा घेत असलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ. अशा गावात अण्णांना गाण्याचं वेड लागलं नसतं, तरच नवल. पण त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं. गळाच नाही, असं ते हसत सांगत. मग त्यांनी आपला गळा एका पेटीत साठवायला घेतला.

ती शिसवी पेटी आमच्या माजघरात होती. तिच्यात खाँसाहेब होते, बालगंधर्व होते, हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे, गजाननराव वाटवे, माणिक वर्मा होत्या. पुढे एलपी आल्या आणि सुधीर फडक्यांच्या आवाजातलं गीतरामायण मोठ्या चौकोनी वेष्टणांतून घरात आलं. पेटीच्या वर चावीचा ग्रामोफोन, शेजारी सुयांची पत्र्याची चिमुकली डबी. लाखेच्या तबकडीची प्रत्येक बाजू वाजवून झाली की सुई बदलायची, हा नियम. कारण पोलादाची सुई झिजते आणि झिजलेली सुई तबकडीची घळ खरवडते. या सुया बदलायचं काम माझं. तबकडीला बोट लावायचं नाही, कडेला दोन्ही तळहातांनी धरायची, हा दुसरा नियम. त्यात चूक झाली की गणिताच्या मास्तरांची नजर वर यायची!

आई मात्र गाणं चालू असताना स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. तिचं ऐकणं पोळपाटाच्या आवाजातून चाले. एका घरात ऐकण्याच्या अशा किती तऱ्हा असतात!

जेसोर रोडवरचे शेजारी

लग्नानंतर काही वर्षं आम्ही पुण्यात होतो. ह्यांची बँकेची नोकरी, बदल्या ठरलेल्या. १९८९ साली बदलीचा कागद आला, तोही थेट कलकत्त्याचा. सासरी-माहेरी सगळे चिंतेत. एवढ्या लांब, भाषा निराळी, मुलगा अवघा तीन वर्षांचा. अण्णांचं पत्र तेवढं वेगळं होतं. घर डमडमला मिळतंय असं कळवल्यावर त्यांनी उलट टपाली लिहिलं, की माझ्या पेटीच्या माहेरी चाललीस, तर तिथली खुशाली कळव.

नागेरबाजारच्या बाजूला एका दुमजली घराचा वरचा मजला आम्हांला भाड्याने मिळाला. १९८४ साली मेट्रो डमडमपर्यंत आल्यापासून तिथली वस्ती वाढली होती. डोक्यावरून विमानं, खाली सायकलरिक्षा आणि माशांचा बाजार. खालच्या मजल्यावर एक वयस्क जोडपं राहायचं. बंगाली रीतीप्रमाणे मी त्यांना माशीमा आणि मेशोमशाय म्हणू लागले. माशीमा मला बौमा म्हणत, म्हणजे सूनबाई. त्यांनीच मला मोहरीच्या तेलाची फोडणी शिकवली आणि मी त्यांना थालीपीठ.

मेशोमशाय फार बोलत नसत. एकदा मिरजेहून आणलेल्या चार एलपी मी उन्हं उतरल्यावर गच्चीत पुसत बसले होते. ते वर आले, एक तबकडी उचलली आणि मी दचकलेच. कारण त्यांनी ती अगदी अण्णांसारखी, दोन्ही तळहातांत कडेने धरली. डोळ्यांसमोर आडवी धरून तिच्यावरून उजेड घसरवला, कड अंगठ्याने तपासली आणि म्हणाले, ‘‘चांगली निघाली आहे.’’ मग कळलं, की त्यांची उभी हयात जेसोर रोडवरच्या त्या कारखान्यात गेली होती, तीही तबकड्या दाबायच्या यंत्रावर!

मी विचारलं, ‘‘मग तुमच्याकडे तर खूप तबकड्या असतील?’’

ते म्हणाले, ‘‘एकही नाही. आठ तास वाफेचा फुस्स आवाज ऐकून घरी आल्यावर माणसाला शांतता हवी असते, बौमा.’’

लाख, काजळी आणि वाफ

त्यानंतरच्या संध्याकाळी मेशोमशायांकडून मी जे ऐकलं, ते कुठल्या वेष्टणावर छापलेलं नव्हतं. आपण काळी तबकडी म्हणतो, पण ती मुळात झाडावर जन्मते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात. त्यांच्या अंगातून पाझरणारा चीक वाळून फांदीभोवती जे कवच होतं, ती लाख. पुरुलिया आणि छोटा नागपूरच्या रानातले लोक ती खरवडून विकतात. आपल्याकडे जिच्या बांगड्या करतात आणि पाकिटाला मोहोर लावतात, तीच ही. जगात लाखेचा मोठा साठा आपल्याच देशात, आणि तिचं रान कलकत्त्याच्या पाठीशी. तबकड्यांचा कारखाना बंगालमध्ये निघाला, त्यामागे हेही कारण होतं.

या लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळतात. त्याच्या वड्या करतात, त्यांना कारखान्यात बिस्किटंच म्हणत. तापलेल्या पत्र्यावर बिस्किट ठेवलं की ते कणकेसारखं मऊ होतं. यंत्राचा जबडा पुस्तकासारखा उघडतो. खाली आणि वर धातूचे दोन ठसे, गाण्याच्या दोन बाजूंचे. गायकाचं नाव छापलेला कागद आधी ठशावर पालथा ठेवायचा, मग मधोमध तो मऊ गोळा, मग जबडा बंद. आतून वाफ खेळते, प्रचंड दाब बसतो, लगेच गार पाणी सुटतं आणि जबडा उघडला की गाणं तयार! मग कडा घासायची, उजेडात धरून बघायची आणि पुढची घ्यायची.

‘‘आणि गाणं कुणाचं ते कळायचं?’’ मी विचारलं.

‘‘बांगला असेल तर कळायचं. बाकी तमिळ, गुजराती, तुमची मराठी, सगळ्या काळ्याच. नंबर बघायचा आणि दाबायचं.’’

हे ऐकून मी त्या रात्री बराच वेळ विचार करत राहिले. आमच्या माजघरात ज्या आवाजांनी अण्णांचे डोळे पाणावत, ते आवाज या माणसाने, किंवा याच्याच ओळीतल्या कुणीतरी, एक अक्षरही न कळता आमच्यासाठी घडवले होते.

व्हाया जर्मनी

पण डमडमच्याही आधी आपल्या गाण्याचं गाव आणखी लांब होतं, थेट जर्मनीत. सपाट तबकडीचा ग्रामोफोन शोधून काढला एमिल बर्लिनर यांनी. त्यांचा जन्म १८५१ सालचा, जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातला. तरुणपणी ते अमेरिकेत गेले आणि १८८७ साली त्यांनी ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. पुढे १८९८ मध्ये हॅनोव्हरलाच त्यांच्या भावाच्या मदतीने तबकड्यांचा कारखाना निघाला.

१९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा तरुण अमेरिकन तंत्रज्ञ कलकत्त्यात उतरला. एका हॉटेलच्या खोल्यांत त्याने आपलं सामान मांडलं. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन तेव्हा वापरतच नसत. भिंतीतून पुढे आलेल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर मेणाच्या तबकडीवर सुई कोरत जायची. ११ नोव्हेंबरला गौहर जान आली, दागिन्यांनी मढलेली. गाणं संपताच तिने इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगितलं. त्याचं कारण असं सांगतात, की हे मेण जर्मनीला जायचं होतं आणि तिथल्या कामगारांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं होतं. सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक मुद्रणं झाली. ती बोटीने हॅनोव्हरला गेली, तिथे तबकड्या झाल्या आणि पुढच्या वर्षी परत बोटीने हिंदुस्थानात विकायला आल्या. लाख बंगालची, आवाज बंगालचा, पण तबकडी जर्मन!

हा द्राविडी प्राणायाम फार दिवस परवडणारा नव्हता. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहजवळ कारखाना सुरू झाला आणि तो अपुरा पडू लागल्यावर १९२८ च्या सुमारास तो डमडमला आला. तेव्हापासून कित्येक दशकं मुंबईत मराठी गायक गात, मूळ मुद्रण आगगाडीने बंगालला जाई आणि तबकड्या होऊन आपल्या बाजारात येई. गाणं मुंबईचं, तबकडी डमडमची. मुंबईच्या बाजूला हे काम सांभाळणाऱ्यांत एक मराठी नाव मोठं आहे. जी. एन. जोशी, म्हणजे नागपूरहून आलेले वकील, स्वतः भावगीताचे आद्य गायक आणि पुढे एचएमव्हीचे मुंबईतले अधिकारी. तबकडीला बुजणाऱ्या कितीतरी बुजुर्गांना त्यांनी माइकसमोर आणून बसवलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा, म्हणजे समुद्र तांब्यात भरायचा. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियनवरच्या तबकड्या ऐका. तांब्यात समुद्र मावतो! हे ओडियन नावही मूळचं बर्लिनचंच.

डमडमने फक्त आपलंच गाणं दाबलं असं नाही. इंग्लंडातल्या बीटल्सच्या तबकड्याही इथे निघत. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडात अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या बंद झाल्यानंतर, १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, आपल्याकडे बीटल्स त्याच जुन्या तबकडीवर मिळत होते. कारण उघड आहे. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही आणि आपल्या गावोगावी तेव्हा चावीचेच ग्रामोफोन होते. आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात.

आमचा मुलगा पुढे शिकायला जर्मनीत गेला आणि तिथेच नोकरीला लागला. २०१४ साली माझ्या वाढदिवसाला त्याने एक सीडी पाठवली. १९५५ साली पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेल्या नीना हागेन या रॉक गायिकेची. रंगवलेले केस, डोळ्यांत काजळाच्या रेघा, एकंदर अवतार बघून मी म्हटलं, हे काय! पण अल्बमचं नाव ‘ओम नमः शिवाय’. ही बाई हिमालयाच्या पायथ्याशी आश्रमात राहून गेलेली आणि १९९९ साली तिने आपल्याकडच्या नामस्मरणाचा आख्खा अल्बम काढला होता. उच्चार जर्मन, घसा खरखरीत, पण ओढ खोटी वाटली नाही. मी अण्णांच्या सवयीने आधी वेष्टण वाचलं आणि मग ऐकलं. शंभर वर्षांपूर्वी आपले आवाज जर्मनीत जाऊन तबकड्या होऊन परत आले. आता तिकडचा गळा आपले शब्द घेऊन परत आला. पोस्टमनने पाकीट आणून दिलं, एवढाच काय तो फरक.

दोन म्हातारे

१९९१ च्या पूजेच्या दिवसांत अण्णा आमच्याकडे आले. रस्तोरस्ती मंडप, ढाकाचा आवाज, शिऊलीच्या फुलांचा वास. पण अण्णांनी पहिल्याच सकाळी विचारलं, ‘‘ते कारखान्यातले गृहस्थ कुठे राहतात?’’

खाली माशीमांनी चहा ठेवला. दोघांची भाषा निराळी, दोघांचं हिंदी सारखंच अशक्त! अण्णांनी सोबत आणलेली हिराबाईंची जुनी तबकडी पिशवीतून काढली. मेशोमशायांनी ती उजेडात धरली. मग अण्णांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी मेशोमशायांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा उलटा करून बघितला. तापल्या पत्र्यावरून गोळे उचलून उचलून बोटांची कातडी जाड, गुळगुळीत झाली होती. अण्णा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवत राहिले.

मेशोमशाय संकोचले. ‘‘मी फक्त हँडल ओढत होतो, मास्टरमशाय.’’

‘‘मी तर तेही केलं नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मी नुसता ऐकत होतो.’’

त्या दुपारी मी ती तबकडी लावली आणि मेशोमशायांना ओळीओळीने अर्थ सांगितला. ते डोळे मिटून बसले होते. शेवटी म्हणाले, ‘‘बरं झालं. इतकी वर्षं पत्रं वाटत होतो, आज एक वाचून दाखवलंस.’’

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कारखान्याचं म्हणाल, तर कॅसेट आली, मग सीडी आली आणि तबकड्या दाबणारी यंत्रं थांबली. कंपनी १९८० च्या दशकातच गोएंका समूहाकडे गेली होती. २००० साली तिचं नाव सारेगामा झालं. २०१७ साली त्यांनी ‘कारवाँ’ नावाची पेटी काढली, हजारो जुनी गाणी भरलेली. ती घरोघरी आजी-आजोबांना भेट म्हणून पोचली. नाव बदललं, यंत्रं बदलली, पण विकलं जातंय ते जुन्याच माणसांनी गायलेलं.

वाटणी

२०१२ साली अण्णा गेले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. पुढच्या वर्षी मिरजेचं घर पाडून तिथे इमारत व्हायची होती. दादाला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळणार होता. भांडीकुंडी, देव, फोटो यांचं सगळं ठरलं. प्रश्न उरला पेटीचा. मोजल्या, तर तीनशे बारा तबकड्या. एकीचं वजन लाखेचं, म्हणजे दगडाचंच! भंगारवाला त्यांना हात लावायला तयार नव्हता आणि जुन्या वस्तूंचा एक व्यापारी फक्त वीस निवडून बाकीच्या नको म्हणत होता.

मी कलकत्त्याहून गेले. धाकटी बहीण नागपूरहून आली. आम्हां दोघींचं म्हणणं, अण्णांची आठवण आहे, मोडायची नाही. दादा गप्प. बोलली ती वहिनी. तिचा आवाज चढला नव्हता.

‘‘तुम्ही म्हणता ते खरं आहे, वन्सं. पण सत्तावीस वर्षं दर रविवारी ही धूळ मी पुसलीय. पावसाळ्यात प्रत्येकीचं वेष्टण काढून वाऱ्यावर ठेवलंय. मामंजींना शेवटी दिसत नव्हतं, तेव्हा त्यांना हवी ती काढून मी दिलीय. आता कुठे ठेवू, ते तुम्हीच सांगा.’’

खोलीत कुणीच बोलेना. मला एकदम मेशोमशायांचे हात आठवले. गाण्यामागे गायक असतो, हे सगळे जाणतात. त्याच्यामागे ठसा दाबणारा असतो, धूळ पुसणारी असते. त्यांची नावं कुठल्या वेष्टणावर येत नाहीत. आठवण जपायची म्हणणं सोपं असतं, ती उचलून फडताळात ठेवायला कुणाचे तरी हात लागतात.

मी म्हटलं, ‘‘वहिनी, पहिली निवड तुझी. तुला हव्यात तेवढ्या आधी काढ.’’

ती जराशी गोंधळली. मग शिडीही न लावता, यादीही न बघता, तिसऱ्या खणातून एक तबकडी सरळ काढून आणली. माणिक वर्मांची. ‘‘ही एक,’’ ती म्हणाली. ‘‘स्वयंपाक करताना ऐकायला यायची.’’ इतक्या वर्षांत तिने कधी एक गाणं मागून लावून घेतलं नव्हतं. दादाने तिच्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

मग काम मार्गी लागलं. प्रत्येक भावंडाने आपल्या घरात राहतील तेवढ्याच घेतल्या, दहा-बारा. भाच्याने सगळ्या तबकड्यांचा आवाज संगणकावर उतरवायचं अंगावर घेतलं. ते काम वर्षभर चाललं. उरलेल्या तबकड्या आम्ही अशांना दिल्या, की ज्यांच्याकडे त्या वाजतील. मुंबईत १९९० पासून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. इकडे कलकत्त्यात जादवपूर विद्यापीठातही जुन्या तबकड्यांचा आवाज जतन करण्याचं काम झालं आहे. अशी माणसं शोधली की सापडतात. पेटी मात्र वहिनीने ठेवून घेतली. तिच्यात आता नातवंडांची खेळणी असतात.

तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी चळत असेल, तर दोन-चार गोष्टी जरूर लक्षात ठेवा. लाखेच्या तबकड्या एकीवर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, नाहीतर वाकतात आणि तडकतात. त्यांना ऊन लागू देऊ नका. पुसायला स्पिरिट किंवा सेंट चुकूनही घेऊ नका, लाख त्यात विरघळते. मऊ सुती कापड किंचित ओलं करून घळीच्या दिशेने गोल पुसा आणि कागदावरचं नाव भिजू देऊ नका. नव्या एलपीच्या सुईवर जुनी तबकडी लावू नका, तिची घळ रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. आणि टाकून द्यायच्याच असतील, तर आधी कुणा जाणकाराला यादी दाखवा. तुमच्या लेखी अडगळ असलेली एखादी तबकडी कदाचित त्या आवाजाची उरलेली एकुलती खूण असेल.

याहून महत्त्वाची एक गोष्ट मात्र यंत्राने होत नाही. त्या चळतीतलं कुठलं गाणं घरात कुणाला आवडतं, हे घरातल्या सगळ्यांना एकदा विचारून ठेवा. स्वयंपाकघरात असलेल्यांना आधी.